वारा पडला की वीज महाग

ईसाल्मी, फेब्रुवारी

आदरणीय लेम्पिताई,
नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. माझी तब्येत ठीक. जेवतो, झोपतो, अंगणातला बर्फ काढतो. हिल्का गेल्यापासून तुम्ही बहिणीच्या मायेने फोन करता आणि मी दर वेळी 'ठीक' म्हणून ठेवून देतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. विषय विजेचा आहे.

विजेचा करार हिल्काच्या नावावर होता. आता तो माझ्या नावाने नवा करायचा, आणि पुरवठादारही आपणच निवडायचा. (तार तीच, खांब तेच, वीजही तीच, निवडायचं ते फक्त विकणाऱ्याला. हे मला अजून नीट समजलेलं नाही, आणि मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे.) मोठ्या दुकानाच्या दारात एका वीजकंपनीने टेबल मांडलं होतं, कॉफी फुकट. मी कॉफी घेतली, वेलदोड्याचा गोड पाव घेतला, मग आणखी एक कॉफी घेतली. इतकं झाल्यावर नुसतं उठून जाणं आपल्यापैकी कोणाला जमलं असतं, सांगा. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "आजोबा, आत्ताचा करार कोणाच्या नावावर?" मी म्हणालो, बायकोच्या. "मग त्यांना विचारून या की, मी आहे इथेच!" त्या हसऱ्या पोरीला काय सांगणार? मी गाडीत जाऊन बसलो. काचा आतून धुरकट होईपर्यंत बसलो आणि परत येऊन म्हणालो, "ती म्हणते, तासातासाला बदलणारा दर घे." (हिल्का असं कधीच म्हणाली नसती. ती म्हणाली असती, "ऑस्मो, एक दर ठरव आणि गप्प झोप.")

हा दर का घेतला तेही सांगतो. दुपारी मोबाइलवर उद्याचे दर येतात. आजकाल उद्याबद्दल मला दुसरं कोणी काही सांगत नाही.

सुरुवात बरी झाली. वारा सुटला की पवनचक्क्या फिरतात आणि वीज स्वस्त होते, वारा पडला की महाग. शेजारच्या रैमोचा करारही असाच. इतकी वर्षं आम्ही मान हलवण्यापलीकडे गेलो नव्हतो, आता तो कुंपणावरून ओरडतो, "मास्तर, वारा आला! मोजे टाका मशीनमध्ये!" आणि मी टाकतो, मळलेले असोत नसोत. एका बुधवारी भर दुपारी दर शून्याच्या खाली गेला, म्हणजे वीज जाळावी तितके पैसे उलट आपल्यालाच. मी सगळ्या खोल्यांचे हीटर पूर्ण लावले, ओव्हन लावला (आत काही नव्हतं), आणि चर्चमधल्या दोघी बायका केक घेऊन सांत्वनाला आल्या तेव्हा ऐन हिवाळ्यात बनियनवर, घामाघूम होऊन दार उघडलं. त्यांनी मला ताप चढलाय असं समजून पलंगावर झोपवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि केक फ्रीजमध्ये. मीही पडून राहिलो. खुलासा करण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग थंडी पडली आणि वारा मेला. मी कोट-टोपी घालून अंधारात कालची लापशी खात होतो, तर रैमोने खिडकी वाजवली. "दिवा तरी लावा हो! मला वाटलं, तुम्हीही गेलात." मी उठून दिवा लावला.

शनिवारी संध्याकाळी दर हमखास चढतो, कारण सगळा देश वाफेच्या अंघोळीसाठी एकदमच सॉनाची भट्टी तापवतो. शनिवारी काय करता म्हणून तुम्ही विचारलं होतंत. आमचा शनिवारचा सॉना सध्या बंद आहे, तो या कारणाने. निव्वळ दर.

बाकी सर्व क्षेम आहे.
आपला,
ऑस्मो

ता. क. करार बदलावा म्हणून त्या मुलीकडे पुन्हा गेलो होतो. दोन आठवड्यांच्या सूचनेवर बदलतो म्हणाली. "पण या वेळी बाईंनाच घेऊन या ना!" तेव्हा मी तिला खरं सांगितलं. तिने माझ्यासाठी कॉफी ओतली, एक स्वतःसाठी ओतली, आणि आम्ही ती प्यायलो. करार आहे तसाच ठेवला.

आणखी ता. क. गेल्या शनिवारी संध्याकाळभर वारा होता. दर जवळजवळ शून्य. तरी मी भट्टी लावली नाही. तेव्हा वर दराबद्दल जे लिहिलंय ते सोडून द्या. हिल्का आधी आत जायची, दगडांवर पाणी टाकून बघायची आणि मला हाक मारायची. येत्या शनिवारी तुम्ही याल का? भट्टी मी लावीन, दर काहीही असो. आधी तुम्ही जा, सावकाश होऊ द्या, आणि तुमचं झालं की हाक मारा. मी स्वयंपाकघरात बसलेला असेन.