वाकडी शिवण

प्रिय मौनीबाई,

आठवतं ना, एकदा सकाळी दूध तापवून, केर काढून, पाणी भरून मी घरापुढच्या आपल्या दुकानात आले, तर तू गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत बसली होतीस. शिवण तुझीच, आदल्या दिवशीची. बाबा म्हणाले, अगं बाई, अस्तराच्या आत काय गिऱ्हाईक डोकावणार आहे? तू मानही वर न करता म्हणालीस, वाकडी आहे. मला डोळा मारून ते म्हणाले, झालं, आता हा कोट मिळणार त्याच्या नातवाच्या लग्नाला.

परवा तुझं पत्र आलं. वर्गात हात वर करणाऱ्या मुलीच पुढे जातात, मी पडले अबोल, मला जिद्दच नाही, शेवटचं वर्ष राहू दे, घरी येऊन दुकान बघते, असं लिहिलंस. वाचनालयातल्या बाईंनी मागे मला कॉलेजच्या मुलांच्या स्वभावावरचं एक जाड पुस्तक दिलं होतं. अर्धं डोक्यावरून गेलं. एवढं कळलं, की कुणाला दुसऱ्याच्या पुढे जायचं असतं, तर कुणाला हातातलं काम मनासारखं झाल्याशिवाय चैन पडत नाही. जिद्द दोघांनाही असते. फक्त अबोल माणसाची चटकन दिसत नाही, आणि मग त्याचं त्यालाच वाटू लागतं की आपल्याला ती नाहीच.

पण पोरी, स्वभावाचं कारण तू नुसतं पुढे केलंस. आई, जेवतेस ना, दिवा लावून झोपतेस का, हेच पानापानावर विचारलंयस. तू माझ्यासाठी येते आहेस.

बाबा गेल्यापासून भाजी अजून दोघांच्या अंदाजानेच होते. मशीन झाकून ठेवलंय, त्याच्याकडे पाठ करून बसते. तू आलीस तर मला बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? दारात तुझी बॅग दिसली, तर परत जा म्हणायचा धीर मला व्हायचा नाही. म्हणून आधीच लिहिते आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तुझी खोली झाडली, तुझी पुस्तकं माझ्या कपाटात लावली आणि दवाखान्यात नव्याने आलेल्या नर्सबाईंना ती खोली वर्षभरासाठी भाड्याने दिली.

तुझीच,
आई