फेब्रुवारीत मोजलेली मंडई

१० जून, सोमवार
चार महिने तुला उघडलं नाही, वही. लाज वाटते. नव्या मंडईचे नकाशे – हे कारण खरं आहे, पुरेसं नाही. चौसष्ट ओटे, वर उजेड झिरपणारं छत, पुढे रुंद पायऱ्या. शुक्रवारी मंजुरीला जाणार. ऑफिसातला शार्दूल म्हणतो, "मॅडम, मॉलवाले बघायला येतील."

११ जून
जुन्या मंडईच्या पायरीवर मंगळी दिसली. पळस्प्यापलीकडच्या वाडीवरची. दर जूनला शेवळांची रानभाजी तिच्याकडूनच घेते. भाजीची खाज मारायला काकडाची आंबट फळं ती न मागता टाकते.
सहज विचारलं, "फेब्रुवारीत कुठे होतीस? आम्ही सगळ्या विक्रेत्यांची मोजणी केली."
"भट्टीवर. इटा थापाया." मग हसली. "रानात भाजी नाय तवा भाजीवाल्या मोजल्या, ताई?"
घरी येऊन नकाशा उघडला. रानभाजीवाली एकही नाही. पायऱ्यांवर कुणी बसू नये म्हणून कुंड्या आहेत. त्या मीच आखल्यात.

१२ जून
शार्दूल : "चार महिने येणाऱ्या बायकांना ओटे दिले तर आठ महिने रिकामे."
चूक नाही त्याचं. मग बोचतंय काय? मंगळीची काळजी – की माझी मोजणी चुकली याची? ठरवता येत नाही.

१३ जून
खडू घेऊन गेले. पायरीवर ओट्याच्या मापाचा चौकोन आखला. मंगळीला म्हटलं, बसून बघ. ती कडेला सरकून बसली, अर्धा मोकळा ठेवून.
"आणि तिथे?"
"सोनाबाईची जागा. ती दुपारच्या गाडीनं येल." मोकळ्या अर्ध्यावर तिनं पळसाचं पान ठेवलं, वर दगड. मग मला म्हणाली, "तुमी उभ्या का? मोजताना बी बसावं मानसानं."
बसले. वीस वर्षं या कामात – मंडई पायरीवरून पहिल्यांदा पाहिली. इथून नुसते पाय दिसतात, आणि विकत घ्यायला थांबलेले पाय कुठले ते लगेच कळतं.

१४ जून, शुक्रवार
नकाशा द्यायला निघाले होते. कुंड्यांसकट. त्या खोडायचा धीर झाला नव्हता.
वाटेत मंडईपाशी थांबले. माझ्या खडूच्या चौकोनाशेजारी कोळशाचे अकरा चौकोन, तीन पायऱ्यांवर. लहानमोठे, वेडेवाकडे. एकाच्या आत आणखी एक, इवलासा.
"त्यो पोरीला निजवाया," सोनाबाई म्हणाली. "मंगळी बोलली, ताई मोजनार हाय. आमी आखून ठेवलं."
नकाशा दिला नाही.
उद्या : टेप घेऊन सातच्या आत मंडईत.