दुसऱ्या दिवशी या

माय, या वर्षीही आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, तुझ्या नावाची घागर भरली. वर खरबूज ठेवलं, आंबे ठेवले, भाऊने पाणी सोडलं आणि मी आतल्या खाटेवर पडून दारातून बघत होते. हे पत्रही पडूनच लिहितेय, मोबाइलवर. चार ओळी झाल्या की हात भरून येतो, मग मोबाइल छातीवर ठेवून छताकडे बघत राहते. तुला जाऊन तपाच्या वर झालं. तुझ्याशी मी या शाळेतल्या मराठीत कधी बोलले नाही. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. पण लिहायला हात याच भाषेत वळतो, चालवून घे. सांगण्यासारखं बरंच साठलंय, आणि यंदा त्यातलं बरंचसं चांगलं आहे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला तो ताप आला, आठवतं ना? ताप उतरला, पण अंगातली ताकद परत आलीच नाही. वेणी घातली की दम लागायचा. शाळेतली नोकरी सुटली. रक्त, लघवी, फोटो, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल निघालं. नंदुरबारच्या एका डॉक्टरांनी फाइल मिटून माझ्याऐवजी नवऱ्याला विचारलं, घरात काही ताणतणाव? दुसरे म्हणाले, मन कशात तरी गुंतवा, विणकाम करा. मी विणकाम शिकले, तेही आडवी पडून. तू प्रकाशा गावच्या महादेवाला नवस बोललीस. शेवटी नवऱ्याने मला तुझ्याकडे आणून सोडलं, तेव्हा वहिनी या घरात नवी होती आणि तोंडाची भलतीच तिखट. आपल्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने इकडची काडी तिकडे करायची नसते, झोक्यावर बसायचं आणि रस-पोळी खायची. वहिनी मला बघून हसत म्हणायची, "तुन्ही ते रोजनीच आखाजी शे." गल्लीतल्या बायकांना ते इतकं आवडलं की मला बघितलं की त्या तेच म्हणायच्या.

आणि मग ती आखाजी. चुलीवर खापर पालथं घातलंय, लाल झालंय. पुरण वाटून झालंय, कणीक तेलात भिजून मऊ पडलीय. गल्लीतल्या चार जणी मांडे करायला आल्यात आणि मी भिंतीला टेकून बसलेय. त्यातली कुणीतरी माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटते. तू मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतेस, "जरासं मनवर ले वं, व्हई जाई सगळं." माय, मी मनावर घेतलं. उठले, हात धुतले, गोळा घेतला आणि दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत असा पातळ केला की तुझ्या एका मैत्रिणीने तोंडात बोट घातलं. एकामागून एक मांडे खापरावर टाकले. गाणी म्हटली. संध्याकाळी झोक्यावरही बसले. तू सगळ्यांना सांगत होतीस, बघा, मी म्हणत नव्हते? मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. ते मांडे मी जिवावर उदार होऊन केले नव्हते, अगदी मनापासून केले होते.

दुसऱ्या दिवशी मला पाण्याचा पेला उचलता येईना. खिडकीतला उजेड डोळ्यांत सुईसारखा जायचा, तर तू तुझं लुगडं खिडकीवर बांधलंस. महिनाभर मला चमच्याने भरवलंस. त्या दिवशी गल्लीतल्या बायका नव्हत्या बघायला, डॉक्टरही नव्हते; बायका आदल्या दिवशी बघून, टाळ्या वाजवून घरी गेल्या होत्या. दुसरा दिवस फक्त तू पाहिलास. तू त्यावर कधी काही बोलली नाहीस. आपल्या घरात आईने लेकीची माफी मागायची पद्धत नाही, मला ती नकोही होती. पण त्यानंतर कुणी दारात येऊन विचारलं, पोरगी अजून इथंच का, की तू शांतपणे सांगायचीस, "मन्ही पोर आखाजीले येल शे." श्रावण असो, दिवाळी असो, तेच उत्तर, आखाजीला आलीय. आखाजी होऊन किती महिने झाले ते कुणी बोलून दाखवलंच, तर म्हणायचीस, "तिन्ही आखाजी आजून सरनी नही." वहिनीने ज्या शब्दाने मला टोचलं होतं तोच तू माझ्यावर पांघरूण म्हणून घातलास. मग कुणी पुढे विचारायची सोय उरायची नाही.

आता नवीन गोष्ट. करोनाच्या साथीनंतर माझ्यासारखे पुष्कळ झाले. मोबाइलवर आमचा एक गट आहे, राज्यभरातले लोक, जवळपास सगळे खाटेवरून बोलणारे. तू असतीस तर म्हणाली असतीस, अंगात जीव नाही आणि भांडायला बघा कसे तयार. भांडण असं की, एका शहरातल्या डॉक्टरबाईंना आमच्या आजारावर संशोधन करायचंय. रक्त तपासणार, नाडी तपासणार, पण सोबत प्रश्नांचा एक कागद होता. "मी माझ्या दुखण्याची वाजवीपेक्षा जास्त काळजी करतो का?" असले प्रश्न. तळोद्याचे एक जण आहेत, बँकेत होते. ते उसळले. म्हणाले, हो म्हटलं तर मनाचे रोगी, नाही म्हटलं तर स्वतःला फसवणारे मनाचे रोगी; हा कागद जाईपर्यंत मी रक्ताचा थेंब देणार नाही. त्यांचं खोटं नव्हतं. त्यांच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर साहेबाने हेच ऐकवलं होतं. त्यावर धुळ्याची एक तरुण मुलगी म्हणाली, "मला डिप्रेशन होतं, गोळ्यांनी ते बरं झालं, थकवा तसाच राहिला. पण मनाचं नाव काढलं की तुम्ही एवढे चिडता का? मन म्हणजे शिवी आहे का?" मग दोन तट पडले. एक म्हणे, इतक्या वर्षांनी कुणीतरी बघायला येतंय, त्याला हाकलू नका. दुसरा म्हणे, असं बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं.

मी मध्येच अडकले होते. माझी भीती एकच होती. रक्तात काही निघालं नाही तर? आत्तापर्यंत नुसते लोक म्हणायचे; मग छापूनच येईल की ही बाई नुसती मनाने आजारी आहे, आणि त्यापुढे मला अपील नाही. डॉक्टरबाई एका दुपारी फोनवरच्या बैठकीत आल्या, तेव्हा मी गप्पच बसणार होते. पण त्यांनी विचारलं, आम्ही काय चुकतोय ते सांगा, आणि मला तुझं खापर आठवलं. मी त्या मांड्यांची आणि दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "बाई, मन होतं. त्या दिवशी मन तर काठोकाठ होतं, म्हणून तर उठले. तुम्ही आम्हाला नेहमी पहिल्या दिवशी बघता. आम्ही केस विंचरून, सगळा जीव गोळा करून तुमच्यासमोर येतो. दुसऱ्या दिवशी या." मग तळोद्याचे आणि धुळ्याची, दोघंही एकदमच म्हणाले, हे लिहून घ्या.

त्यांनी लिहून घेतलं, माय. प्रश्नांचा कागद आता गटातल्या लोकांबरोबर बसून नव्याने करतायत. मनाचे प्रश्न आहेत, पण ते धुळ्याच्या मुलीने घातलेत आणि तळोदेकर कुरकुरत का होईना, त्यांना हो म्हणालेत. कुणाला मुद्दाम दमवायचं नाही असं ठरलं. आपण आपल्या खुशीने काही केलं, तर फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई घरी येणार. मी ठरवलं, यंदा तुझ्या घागरीला एक मांडा माझ्या हातचा. एकच, आणि तोही स्टुलावर बसून. कडेला जरा फाटला, पण झाला.

दुसऱ्या दिवशी जीप दारात थांबली तेव्हा मला मान वळवता येत नव्हती. डॉक्टरबाईंनी ओट्यावरून विचारलं, त्यांना जरा उजेडात आणून बसवता का. वहिनी आता पन्नाशीची झालीय, तोंड अजून तसंच आहे. ती दार अडवून म्हणाली, "ती आखाजीले येल शे. आते उठाव नही. तुम्हीच तिनाजोडे बसा." त्या आत आल्या, खाटेजवळ जमिनीवर बसल्या, रक्त घेतलं, मुठीत दाबायला एक यंत्र दिलं. मला ते दाबताच आलं नाही, आणि त्यांनी तसंच्या तसं टिपून घेतलं. निकाल यायला वेळ आहे. काही निघेल, न निघेल. निघेल असं मला वाटतंय.

हे पत्र कुठे पाठवणार? मोबाइलमध्येच राहील. फक्त एक कबूल करायचंय. जाताना डॉक्टरबाईंनी दारातून हळूच विचारलं, झोपल्या का त्या? मी जागी होते. तरी डोळे मिटून घेतले, श्वास संथ केला आणि वाट बघत राहिले, वहिनी तुझं वाक्य पुन्हा एकदा म्हणते का. म्हणाली. इतक्या वर्षांच्या आजारपणात मी सोंग केलं ते एवढंच.