कार्ड घातलं की बंद पडतो

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचा, आणि खूश आहे! स्टुडिओच्या वरचीच खोली मिळाली. दोन खिडक्या, भिंतीतलं कपाट, आणि नळाला चक्क पाणी. महिनाभरात काम उरकलं तर नोकरी पक्की आणि शेजारच्या दोन खोल्याही आमच्याच, असं मालक म्हणाले. मग परीक्षा आटोपली की बायको आणि ठमी इकडे येतील.

ठमी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. निघताना तिच्याकडून माझा फोन नंबर पुन्हा एकदा पाठ म्हणून घेतला. गाण्यासारखा म्हणते, शेवटच्या दोन आकड्यांपाशी हमखास अडखळते आणि मग हनुवटीवरची जुनी खोक खाजवत बसते. वरचा एक दात पडलाय, त्याचा तिला कोण अभिमान. झोपताना माझा कान धरल्याशिवाय डोळा लागत नाही. आता महिनाभर कानाला सुट्टी.

मालकांना सगळे दादा म्हणतात. साठी उलटलेला, भला आणि अत्यंत मंद माणूस. त्यांची थोरली बहीण ताई, फोटोंवरचे डाग-सुरकुत्या काढते. काम असं की दोन खणांत भरलेली शंभरेक मेमरी कार्डं एका मोठ्या डिस्कवर उतरवायची. अडचण एकच, रीडरमध्ये कार्ड घातलं की लॅपटॉप जागच्या जागी गोठतो. आधीच्या माणसाने त्यावर लिनक्स घालून दिलं होतं. त्याचं नाव विचारलं तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. चार वर्षं एक माणूस इथे राबून गेला आणि यांना नाव आठवत नाही! असल्या लोकांमध्ये दिवस काढायचे आहेत.

ओळखपत्रासाठी दादांनी मला निळ्या पडद्यापुढे बसवून फोटो काढला. ताई लगेच वही घेऊन सरसावल्या. इथली रीत अशी की कार्ड रीडरपाशी जाण्याआधी ताई कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यात एकेक फोटो बघतात आणि त्यातली माणसं पेन्सिलीने लिहून काढतात. कोण, कोणाचं, अंगावर खूण काय. ही शिस्तही त्या बिननावाच्या इसमाने लावलेली. माझ्या भुवईवरचा तीळ लिहायला घेतला तेव्हा मी हसून वही मिटवली आणि सांगितलं की मी समोरच आहे, मला लिहून ठेवायची गरज नाही.

५ मार्च, मंगळवार

लॅपटॉप पाहिला. बिजागरीला चिकटपट्टी, कळांच्या फटींत बिस्किटांचा चुरा. रिकामं कार्ड घातलं. दोन सेकंद काही नाही, मग पडदा गोठला, माऊस मेला, कॅपिटल अक्षरांच्या कळेवरचा दिवा उघडझाप करू लागला. म्हणजे कर्नलनेच, यंत्राच्या मूळ प्रोग्रामनेच, हात टेकले. बाहेरून लावायचा दुसरा रीडर आणला, तीच गत. दादा मागे उभे राहून म्हणाले की त्यात पाणी गेलं असेल. पाणी! माणसाने कुठवर उत्तरं द्यायची?

लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नोंदींत, एक अक्षर नाही. यंत्र इतक्या झटक्यात पडतं की मरणाची नोंद करायलाही त्याला सवड मिळत नाही.

७ मार्च, गुरुवार

दोन दिवस घासतोय. कर्नल जुनं घालून पाहिलं, नवं घालून पाहिलं. रीडरची वीज वाचवायची सोय बंद केली, दहातल्या नऊ वेळा दुखणं तिथेच असतं. इथे नव्हतं. शेवटी माझा लॅपटॉप केबलने जोडला आणि पडतानाचे शेवटचे संदेश तिकडे पकडले. संदेश कसला, रीडर चालवणाऱ्या प्रोग्राममधून, ड्रायव्हरमधून, आलेला सरळ हुकूम आहे, बंद पड. असं आपोआप होत नसतं.

चाचणीला ग्राहकाचं कार्ड वापरणं हा अडाणीपणा, म्हणून माझ्या कॅमेऱ्यातलं काढून ठेवलंय. एक्केचाळीस फोटो, सगळे ठमीचे. पायऱ्यांवर बसलेली, झोक्यावर, माझ्या बुटांत पाय घालून उभी. बायको एकातही नाही, कॅमेरा दिसला की ती पळ काढते. ताई वही घेऊन आल्याच. निदान मुलीचं तरी लिहू द्या म्हणाल्या, हात जोडायचेच बाकी होते. माझी मुलगी मला पाठ आहे, असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

८ मार्च, शुक्रवार

सापडलं! आणि हसून हसून पोट दुखलं. रीडरचा ड्रायव्हर त्या इसमाने स्वतः बदललाय. मधोमध हाताने घुसवलेली एक ओळ, कार्ड दिसलं की यंत्र पाड. म्हणजे बिघाड नव्हताच, महाशयांनी मुद्दाम पाचर मारून ठेवली होती. वर शेरा, “हे मुद्दाम केलं आहे. काढू नका. यात वाचलेलं माणूस राहत नाही.” असला माणूस चार वर्षं पगार खात होता! ओळ उडवली, ड्रायव्हर पुन्हा बांधला, माझं कार्ड घातलं. सकाळी साडेदहाला एक्केचाळीस फोटो सुरळीत उतरले. दादांनी टाळ्या वाजवल्या. ताई खाली निघून गेल्या.

दुपारी फोटो उघडून पाहिले. हे कोणी काढले कोण जाणे. नुसत्या पायऱ्या. रिकामा झोका. माझे बूट, फरशीवर, नुसतेच. एक्केचाळीस वेळा कशाचाही नसलेला फोटो काढायला माणूस किती रिकामटेकडा असावा लागतो!

तीनच्या सुमारास गावाकडच्या कुठल्याशा शाळेतून फोन. एक मुलगी फाटकापाशी बसून आहे, वर्गात तिला कोणी ओळखत नाही, पण हजेरीपटावर नाव आहे आणि बापाच्या रकान्यात माझं. माझा नंबरही ती पाठ म्हणते, फक्त शेवटच्या दोन आकड्यांना अडखळली. मागे ती रडत असल्याचं ऐकू येत होतं. मी सांगितलं, आम्हाला मूलबाळ नाही, तुमचे पट नीट लिहा. बाई अजून बोलत होत्या, मी फोन ठेवला. शाळासुद्धा आता असल्याच लोकांच्या हाती.

११ मार्च, सोमवार

नव्वदच्या वर कार्डं उरकली. आता कार्ड घातलं की माझं स्क्रिप्ट सगळं आपोआप करतं, माणसाची लुडबुड नको.

पण दादांची फोटोग्राफी! लग्नाचा म्हणून अल्बम, आणि आत सजवलेलं व्यासपीठ, दोन खुर्च्या, बस्स. बारशाचा म्हणून पाळणा. आयुष्यभर या माणसाने फर्निचरचे फोटो काढले आणि लोकांनी पैसे दिले. तोंडावर बोललो. ते मान खाली घालून म्हणाले की आपल्याला आठवत नाही, पण रिकाम्या खुर्चीसाठी आपण दिवा कशाला लावू?

ताई वही उघडून रडत होत्या. पानंच्या पानं त्यांच्याच अक्षरात, आणि एकही माणूस ओळखीचा लागेना. वयामुळे होतं, असं मी समजुतीने सांगितलं.

बायकोचा फोन होता. घरात एक लहान सायकल आहे, शेजाऱ्यांची असेल, देऊन टाकू का विचारत होती. म्हटलं टाक देऊन.

१२ मार्च, मंगळवार

कर्नलच्या आवृत्तीचा आकडा हवा होता, म्हणून ही रोजनिशी मागे चाळली. चार तारखेला लिहिलंय, “ठमी म्हणजे माझी लेक.”

मला लेक नाही.

अक्षर माझं आहे. शाई माझी. खोक, पडलेला दात, कान धरून झोपणं. दोनदा वाचलं, मग हसू आलं. ताई रिकाम्या वेळात फोटोंवर दुसऱ्याची नाकं बसवतात, त्यांना माझं अक्षर काढणं काय जड? वही खाली नेऊन त्यांच्यापुढे आपटली आणि हे धंदे बंद करा म्हणून बजावलं. त्या रागावल्या नाहीत. मला कार्ड लिहू दिलं असतं तर निदान पुरावा दोन ठिकाणी राहिला असता, एवढंच म्हणाल्या. लिहिलेलं तेवढं पुसलं जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वहीचं पहिलं पान दाखवलं. अनोळखी अक्षर, “उंच, डाव्या हाताला चार बोटं, चार वर्षं इथे काम. हे मी माझ्याबद्दल लिहितो आहे.” खाली नाव नाही. तो आधीचा, असं त्या म्हणाल्या. त्याने आधी स्वतःचं कार्ड वाचलं, मग काय झालंय ते कळल्यावर उरलेल्या वेळात ती ओळ घातली, हेही म्हणे त्यानेच लिहून ठेवलंय.

उद्या उरलेली सगळी कार्डं यांच्या डोळ्यांदेखत वाचून दाखवतो. एकदाचं तोंड बंद होईल.

१३ मार्च, बुधवार, सकाळी अकरा

झालं. दहा वाजता दोघांना समोर बसवलं आणि शेवटची सहा कार्डं एकापाठोपाठ घातली. ताई आडव्या आल्या, मनगट धरलं, मी हात सोडवून घेतला. आकाश कोसळलं नाही. मी आहे, ते आहेत, खुर्च्या आहेत. शेवटच्या कार्डावर एकच फोटो, आणि त्यात नुसता निळा पडदा. असल्या कार्डांसाठी मी घर सोडून आलो!

बारा

बायकोला फोन केला. सहज म्हणून ठमी हे नाव घेतलं. कोण ठमी, असं तिने विचारलं. मग म्हणाली की शुक्रवारपासून घरात एकटीच आहे तरी रोज दोन ताटं मांडते, दुसरं कोणाचं ते आठवत नाही, आणि ते उचलताना रडू येतं. वेड लागतंय का, असं मला विचारत होती.

शुक्रवार. साडेदहा. माझं कार्ड.

आणि तीन वाजता तो फोन.

ती माझा नंबर म्हणत होती — अडखळली होती — आणि मी शाळेला पट नीट लिहायला सांगितलं.

एक

शाळेला लावला. फाटकापाशी एक दप्तर सापडलं आहे, कोणाचं ते माहीत नाही. मुलगी? कुठली मुलगी, असं बाई म्हणाल्या. मी पट बघायला लावला. नाव आहे. बाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं.

ओळ परत घातली. ड्रायव्हर बांधला. रिकामं कार्ड घालून पाहिलं, यंत्र पडतं. आता कोणाचं काही वाचलं जाणार नाही. पाच दिवसांपूर्वी हे होतं. होतंच. मी काढलं, आणि वर हसलो.

दोन

दादा वर आले. दारात थबकले, मग अत्यंत अदबीने म्हणाले की खोली भाड्याने द्यायची आहे खरी, पण आपण आत कसे आलात? जिन्यावरून वाकून पाहिलं, ताईंनी खाली चहा ओतला होता. दोनच कप. त्यांचा आणि दादांचा.

निळा पडदा.

चार तारखेचं पान काढलं. “निळ्या पडद्यापुढे बसवून.” आणि वही — वही मीच मिटवली —

अडीच

बायकोचा नंबर लावला. कोण बोलतंय, असं तिने विचारलं. मी सांगितलं. माझं लग्न झालेलं नाही, चुकून लागला असेल, पण तुम्ही रडू नका, असं म्हणाली. ती चांगली आहे. मी फोन ठेवला असता. शाळेचा ठेवलाच होता.

तिला किती तास मिळाले असतील? साडेदहा ते — फाटकापाशी एकटी — सहा वर्षांची —

मला काहीही आठवत नाही तिचं. एक क्षणही नाही. सगळं मागच्या पानांतून उतरवतोय.

तीन वाजत आले

ताईंच्या वहीत लिहून आलो. त्यांनी मला ओळखलं नाही, तरी पेन्सिल दिली आणि पान धरून ठेवलं. इथेही लिहितो, दोन ठिकाणी हवं. माझं काही लिहीत नाही, तेवढा वेळ नाही.

ठमी. सहा वर्षं. हनुवटीवर जुनी खोक. वरचा एक दात पडलेला, त्याचा अभिमान. झोक्यावर बसते. बापाचे बूट घालते. नंबर गाण्यासारखा म्हणते, शेवटच्या दोन आकड्यांना थांबते, तिला कोणीतरी ते आकडे सांगावेत, सहा आणि एक, सहा आणि एक, फोन ठेवू नये — झोपताना कान धरते, डावा की उजवा ते मी लिहिलं नाही — लिहायला हवं होतं — आत्ता कोणीतरी उजवा — लहान बोटं आहेत, गार — ठमे, मी —