डाव्या हाताचा टिळा

कवठे येमाई, ता. शिरूर
१२ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप तात्याबा मामांस भाचा हौशीराम याचा पाया पडून नमस्कार. तुमचा दमा कमी आहे असं कळलं. मामींचे गुडघे कसे आहेत तेही कळवा. इकडे सर्व ठीक, म्हणजे मका बरा आहे.

लेकीच्या, स्वप्नालीच्या सुपारीला तुम्हाला येता आलं नाही ते एका परीनं बरं झालं. स्थळ तुम्हीच आणलेलं. समोर बसून ते पाहणं जड गेलं असतं.

मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली, पण लोकर कातरून धरलेला अंगठा काही सुटला नाही. विहिरीवरच्या मोटारीचं बटणही दाबवत नव्हतं. दौंडला पुण्याचे एक डॉक्टर बुधवारी येतात. ते असल्या लहान सांध्यांत कोलॅजेन नावाचं औषध सुईनं भरतात. (जनावराच्या कातड्यातून काढतात म्हणे. कुठल्या, ते मी विचारलं नाही.) दवाखान्याच्या पाटीवर एका बाईचा गुळगुळीत चेहरा आहे. आत सगळ्या बायकाच. एकीनं विचारलं, "मालकिणीला न्यायला आलाय व्हय?" मी व्हय म्हणालो.

डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस अंगठा कशाला टेकवायचा नाही. सुपारी रविवारी होती.

भांडगावच्या व्याह्यांना, सोपानरावांना, मी टिळा लावला, टॉवेल-टोपी दिली. सगळे गप्प झाले तेव्हा कळलं की हात डावा होता. सोपानराव हळूच म्हणाले, "उजवा कुणासाठी राखून ठिवलाय, पाव्हणं?" दुखतोय म्हणालो असतो तर कुठल्या डॉक्टरकडे गेलो ते निघालं असतं. त्यांच्या दौंड तालुक्यात ती पाटी कुणाला माहीत नाही? मी उजवा हात उपरण्याखाली घेतला. ते न जेवता उठले. टॉवेल-टोपी सतरंजीवर राहिली.

तुमची भाचेसून नकुशी म्हणाली, "आंगठा दुखत व्हता ना? मग बाकीची चार बोटं काय खंडानं दिली व्हती?" स्वप्नालीनं बुंदीची परात उचलून आत नेली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून ताट वेळेवर वाढते, बोलत नाही.

असो. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुमचा,
हौशीराम

ता. क. भांडगावला एकदा जाऊन याल का? अंगठा कातरीनं गेलाय एवढंच सांगा. पाटीचं काढू नका.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सोपानरावांचा निरोप आला. डाव्या हाताचं एक वेळ सोसलं असतं म्हणतात, "पर आमी उठून चाललो तरी मानसाच्या कपाळाला आठी न्हाई." ते खरं आहे, मामा. सुईत थोडं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाया जाईल, कपाळाच्या रेघेत भरू का? मी डोळे मिटून घेतले. अंगठा अजून दुखतो. तेव्हा आता सगळं सांगा, पाटीसकट. ते हसले, तर हसतील तेवढ्यात लग्नाची तारीख धरून घ्या.