बंद करून परत चालू

१६ नोव्हें.
सकाळी कॅमेरा पुन्हा आंधळा झाला. वर्षाचे पुण्याहून फोनवर फोन, आणि मी अंघोळीला. शेवटी तिने दुलीचंदला पाठवलं. माझी शेती तोच अर्ध्या वाट्याने करतो. हातातला विळा न ठेवता धावत आला. मी दारात केस पुसत उभी. "बाई, तुमी तं चांगल्या हाव. वर्षाताई रडून राहिली तिकडं."
लाज वाटली, रागही आला. श्रावणात स्वयंपाकघरात स्टुलावरून पडले, ते एकदाच. पण दूधवाली येईपर्यंत उठता आलं नव्हतं. तेव्हापासून ओट्यासमोर हा डोळा बसवलाय लेकीने.
राउटर बंद करून चालू केला. दिसायला लागलं तिला. जीव भांड्यात पडला.

१७ नोव्हें.
परत गेला. बंद, चालू. आला, पुन्हा गेला. गोंदियाला नेटवाल्याला फोन केला. "माताजी, एक बार बंद करके चालू कीजिए." केलं म्हटलं. "फिर से कीजिए. थोड़ी देर बंद छोड़ दीजिए." जन्मभर पोरांना पाढे घोकवले, पण इतक्यांदा तेच ते मीही बोलले नसेन.
राउटरच्या लाइटी सगळ्या हिरव्या. तो समोरच्या खोलीत आहे, तिथे मोबाइल छान चालतो. स्वयंपाकघरातला कॅमेराच तेवढा मेलेला.
संध्याकाळी व. चा फोन. "आई, हे असंच चालून राहिलं तं मी काही ऐकणार नाही. रविवारी येते नि घेऊन जाते तुला. कायमची."
जावई सोन्यासारखे आहेत, म्हणूनच जायचं नाही. चार दिवस पाहुणी म्हणून शोभते. कायमची गेले तर पंखा लावायचा तरी विचारून लावावा लागेल.

१९ नोव्हें.
जेवण जात नाही. दर थोड्या वेळाने राउटरकडे जाते, बंद करते, उभी राहते. एकेक लाइट लागते तसा श्वास सुटतो. मग फोन बघायचा. कॅमेरा ऑफलाइन.
व. आता सकाळ-संध्याकाळ फोन करते. दिसत नाही म्हणून विचारते, काय खाल्लं, पायाचं कसं आहे. आज लाखोळीच्या डाळीचे वडे कसे करायचे ते विचारलं. वाटण जाडसर ठेव, इथून सुरू झालं आणि तिच्या ऑफिसातल्या भांडणापर्यंत गेलो. ती साहेबिणीची नक्कल करते ते मला माहीतच नव्हतं. हसून हसून खोकला आला.
फोन ठेवला आणि रविवार आठवला.

२० नोव्हें.
सापडलं.
नेटवरून व. शी बोलत बोलत स्वयंपाकघराकडे निघाले. मधल्या खोलीत तिचा आवाज तुटला. दोन पावलं मागे आले, नीट. पुढे गेले, पुन्हा तुटला. समोर धानाची पोती, आढ्यापर्यंत थप्पी. मळणी झाली की दु. माझा आणि त्याचा, दोन्ही वाटे आणून तिथेच रचतो. सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत ती तिथेच. दरवर्षीचं आहे. कॅमेऱ्याची मात्र ही पहिलीच सुगी. पोती आल्यापासूनच तर तो जातोय. आणि मी रोज त्या गरीब राउटरला अंगठे धरून उभं करत होते.
दु. ला सांगितलं तर हसला. "पोत्यानं नेट अडते? पोतं का रेल्वेचं फाटक हाये, बाई?" मग माझा फोन घेऊन थप्पीभोवती फिरून आला.
"मंग कुठी ठेवू? बाहेर तं ढग आले."
खरंय. भिजलं तर केंद्रावर घेणार नाहीत. त्याचं वर्ष जाईल. आत ठेवलं तर माझी लेक मला नेईल. काय करावं सुचत नाही. तो उद्या बघू म्हणाला.

२२ नोव्हें.
दु. आणि त्याच्या बायकोने सकाळपासून थप्पी मोडली. भिंतीच्या कडेने कमरेइतकी, लांबच लांब लावली. माझी पलंगाची जागा गेली. जाऊ दे. मी राउटर बंद करून चालू केला, आणि कॅमेरा आला तो आलाच. संध्याकाळपर्यंत गेला नाही.
व. ने तिकीट रद्द केलं. ओट्याजवळ रडले थोडी, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

२५ नोव्हें.
सगळं सुरळीत. व. चा मेसेज: दिसलीस. पुढे अंगठा.

२८ नोव्हें.
फोन नाही. मीच केला तर म्हणाली, "मीटिंगमध्ये आहे, आई. काही झालं का? आता तं बघितलं तुला, चहा करून राहिली होतीस."
काही झालं नाही म्हटलं.
दुपारी वडे तळले. ताटली उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. बऱ्याच वेळाने अंगठा आला. तिने केले का, वाटण जमलं का, काही कळलं नाही.

३० नोव्हें.
रविवार. सुट्टी असेल तिला. सकाळपासून फोन नाही.
इतके दिवस कॅमेरा जाईल म्हणून धास्ती होती. आज राउटरची ती हिरवी लाइट बघून चीड आली. दिसते तिला मी. बाहुलीसारखी दिसते.
आत्ता स्विच बंद केला. मीच.
आता ती फोन करेल. किंवा तिकीट काढेल, पुन्हा रद्द न करण्यासाठी. तिने तसं बजावलंय, आणि ती माझीच पोर आहे. तिला खरं सांगावं की लाइट गेली होती म्हणावं, ठरत नाही. खरं सांगायचं तर काय सांगू, तू मला बघू नको, बोल, असं?
चालू करायला दोनदा उठले, दोनदा बसले. मोबाइल मांडीवर आहे. चहा उतू जातोय, पण उठवत नाही.