हत्तीच्या बिल्ल्याला कुंकू

खैतान, कुवेत, ३ ऑक्टोबर १९९८

सौ. लीना हिस आशीर्वाद, स्वराला गोड पापा.

मी ठणठणीत आहे, दुकानही बरं चाललंय. तुझी कंबर कशी आहे?

एक घोळ झालाय. मीना अल-अहमदी बंदरावरच्या तेल कारखान्यातल्या एका अमेरिकन इंजिनियरने त्याच्या आईच्या वडिलांचा १९०८ सालचा निवडणुकीचा बिल्ला पिन जोडायला दिला. वर पितळी हत्ती, तिकडच्या एका पक्षाची खूण. खाली पांढरी रेशमी फीत. दसऱ्याला हत्यारं पुजताना माझा जोडीदार रूपेश म्हणाला, "दादा, हत्ती म्हणजे लक्ष्मीचं वाहन, त्यालापण लावा की!" लावलं. ओलं कुंकू फितीवर ओघळलं.

तो इंजिनियर मित्राला सांगत होता ते मी ऐकलंय : नव्वदीची आई बापाचा बिल्ला एकदा हातात घ्यायला थांबलीय. वीस तारखेला तो अमेरिकेला निघतो.

तुझ्या शालूवरचं कुंकू कसं काढलं होतंस? पत्र मिळताच दुकानावर फोन कर. तोवर फितीला पाणीसुद्धा लावत नाही.

डाग निघाला तरी त्याला झालं ते सांगणार आहे. रूपेश म्हणतो, "कशाला उगाच?" पण वस्तू त्या म्हातारीच्या बापाची आहे गं.

तुझा,
शत्रुघ्न